सहा मिनिटांचा फोन आणि चार एकर ऊस

प्रश्न: ताई, मी वाळवा तालुक्यातला, सीए, वय २७. तीन वर्षं मुंबईत एका ब्रोकरेजच्या रिसर्चमध्ये असोसिएट आहे, बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्तीय कंपन्या) बघतो. मला हेज फंडात जायचंय. दोन महिन्यांत लिंक्डइनवर चाळीसेक जणांना मेसेज केले (मेसेज सोबत जोडलाय). तिघांनी उत्तर दिलं, फोन एकाचाच झाला, तोही सहा मिनिटांत संपला. शेवटी मी ‘काही ओपनिंग असेल तर सांगा’ म्हणालो, ते म्हणाले ‘सीव्ही पाठवून ठेवा.’ एक मुलाखतही झाली. तिथे मी एका मोठ्या खासगी बँकेचा शेअर का घ्यावा याचं पिच दिलं. समोरच्यांनी विचारलं, ‘यातलं बाजाराला काय माहीत नाही?’ मी गप्प बसलो. आता तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कॅटेगरी थ्री फंडात बोलावलंय. आधी तीन तासांची केस स्टडी, मग पार्टनरशी बोलणं. इंग्रजी बोलताना अडखळतो. या धंद्यात ओळखीचं कोणी नाही. घरी वडील आणि चार एकर ऊस, एवढंच. काय तयारी करू? आणि कृपा करून मला अहो-जाहो करू नका.

उत्तर: बरं, अरे-तुरे करते.

आधी तो मेसेज. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली पॅशनेट अबाउट कॅपिटल मार्केट्स अँड वुड लाइक टू पिक युअर ब्रेन.’ हे वाक्य तू कुठून उचललंस ते विचारत नाही, कारण माझ्याकडेही ते दर महिन्याला येतं, फक्त खालचं नाव बदललेलं असतं. चाळिसांतल्या तिघांनी उत्तर दिलं याचंच मला आश्चर्य वाटलं. यात तुझा उत्साह कळतो, पण तू कोण, काय बघतोस आणि नेमकं या माणसालाच का लिहितोयस, यातलं काहीच कळत नाही.

ही माणसं ‘भाव खातात’ असं तुला वाटत असेल. थोडं तसंही असतं, पण मुख्य कारण वेगळं आहे. आपल्याकडे ज्याला लोक हेज फंड म्हणतात तो कायद्याच्या भाषेत सेबीच्या २०१२ च्या नियमावलीतला कॅटेगरी थ्री एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड. गुंतवणूकदाराने किमान १ कोटी घालायचे, फंडाला ठरावीक मर्यादेत उसनवारी करायची मुभा, आणि शॉर्टसुद्धा करता येतं, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने हातात नसलेला शेअर आधी विकता येतो. असे कितीतरी फंड बीकेसी नाहीतर लोअर परळच्या एखाद्या मजल्यावर अर्ध्या विंगमध्ये मावतात. एक-दोन पार्टनर, चार-पाच विश्लेषक, एक डीलर, नियम पाळले जातायत ना ते बघणारा एक कंप्लायन्सवाला. अशा घरात नवा माणूस घेणं म्हणजे एकत्र कुटुंबात सून आणण्यासारखं असतं. जाहिरात कोण देतंय? कोणीतरी म्हणतं, ‘अरे, तो पोरगा आठवतो का, मायक्रोफायनान्सवर बोलला होता?’ आणि तिथून गाडी सुरू होते. म्हणून फोन महत्त्वाचे. तुझी ओळख नाही म्हणून अडलंय असं तू धरून चाललायस, पण फोन करायचे ते ओळख व्हावी म्हणूनच.

वेळ सांभाळ. सव्वानऊ ते साडेतीन बाजार चालू असतो, त्या वेळात अनोळखी माणसाला मेसेजही टाकू नकोस. निकालांचे आठवडे टाळ. जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल-मे, हे लोक झोपत नाहीत. तू बँका बघतोस, तुला हे मी सांगायला नको. तरी तुझा एक मेसेज ऐन जानेवारीत, सकाळी साडेदहाला गेलेला दिसतो.

आता मेसेज असा लिही. इंग्रजीतच लिहिशील, मी आशय सांगते. पहिल्या ओळीत तू कुठे आणि काय बघतोस. दुसऱ्या ओळीत त्या माणसाने जाहीरपणे बोललेली किंवा लिहिलेली एक गोष्ट, आणि त्यावरचा तुझा एक नेमका प्रश्न. तिसऱ्या ओळीत पंधरा मिनिटं मागायची, बाजारानंतर, त्यांच्या सोयीने. संपलं. सीव्ही जोडायचा नाही. सीव्ही जोडलास की तो फोन राहत नाही, अर्ज होतो, आणि अर्ज एचआरकडे किंवा कचऱ्यात जातो.

फोनवर पहिली दीड मिनिटं तुझी. गाव, सीए, काय कव्हर करतोस, आणि तीन वर्षांत तुझं कुठलं मत बदललं. हे शेवटचं विसरू नकोस. ‘मी अमुक कंपनीच्या क्रेडिट कॉस्टबद्दल, म्हणजे बुडीत कर्जांच्या खर्चाबद्दल, चुकलो, कारण कलेक्शनचे आकडे उशिरा बघितले’ असं एक वाक्य तुझ्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा जड भरेल. मग प्रश्न. ‘तुमचा दिवस कसा असतो’ हा प्रश्न नको, तो दिवस सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांना तो सांगायचा कंटाळा आला आहे. विचार, ‘सेल-साइडवरून आल्यावर तुम्हाला कुठली सवय मोडावी लागली?’ यावर माणसं खुलतात, कारण मोडावी लागलेलीच असते. आपण सेल-साइडला, म्हणजे ब्रोकरेजमध्ये, रिपोर्ट लिहायला शिकतो. पंचवीस शेअरांवर मत द्यायचं, टार्गेट पंधरा टक्के वर दाखवायचं, मॅनेजमेंट दुखावणार नाही असं वाक्य शोधायचं. तिकडे पाचच मतं लागतात, पण त्यांवर पैसे लागलेले असतात. दुसरा चांगला प्रश्न म्हणजे एखाद्या शेअरमध्ये किती टाकायचं ते कोण ठरवतं, विश्लेषक की पार्टनर? यातून फंडाचा स्वभाव कळतो. त्यांच्याकडे सध्या काय आहे ते मात्र विचारायचं नाही.

आणि नोकरी मागायची नाही. तू सहाव्या मिनिटाला मागितलीस आणि समोरच्याला सुटायची वाट मिळाली. ‘सीव्ही पाठवून ठेवा’ याचं मराठी भाषांतर तुला ठाऊक आहे. त्याऐवजी, ‘हे बघून अजून कोणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न ठेव. एक नाव मिळालं तरी फोन वसूल. त्याच संध्याकाळी दोन ओळींचे आभार. महिन्याभराने, फोनवर ज्या विषयावर बोललात त्यात काही घडलं असेल तर दोन ओळी, ‘आपण बोललो होतो, निकालात हे असं दिसलं.’ काही घडलं नसेल तर लिहू नकोस. सणांच्या शुभेच्छांचे फॉरवर्ड तर अजिबात नकोत.

हे झालं फोनचं. आता तुझ्या मौनाकडे येते.

‘बाजाराला काय माहीत नाही?’ यावर तू गप्प बसलास कारण तुझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नव्हतं कारण त्या बँकेवर चाळीस विश्लेषक बसलेले आहेत. तू त्यांच्यातलाच एकेचाळिसावा. पिच वाईट होतं असं मी म्हणत नाही. नीट इस्त्री केलेलं असणार. पण ते तुझं नव्हतं.

माझं स्वतःचं सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका फंडात मुलाखतीला गेले तेव्हा एका सिमेंट कंपनीचं पिच घेऊन गेले होते. क्षमता, वापर, टनामागे नफा, सगळं पाठ. समोरच्या गृहस्थांनी फाइल बंद केली आणि विचारलं, ‘दादरला आज गोणी कितीला आहे?’ मला माहीत नव्हतं. पन्नास किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं, पण एका गोणीचा भाव माहीत नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला, आणि मला कळलं की मुलाखत संपली. परत जाताना स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले. दुकानदाराने भाव तर सांगितलाच, वर कुठला ब्रँड उधारीवर येतो, कुठल्याचा ट्रक दोन दिवस आला नाही, आणि बिल्डर कुणाची गोणी परत पाठवतात तेही सांगितलं. हे सगळं मी मुलाखतीच्या आधी ऐकायला हवं होतं. तिकीट काढून घरी गेले.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात कामाची वाटलेली ओळ तू रडगाण्यासारखी लिहिली आहेस, ‘घरी वडील आणि चार एकर ऊस, एवढंच.’ अरे, साखर हे लिस्टेड क्षेत्र आहे. तू त्यावर का बोलत नाहीस? बँक शहरी आणि ऊस गावंढळ वाटतो म्हणून? बीकेसीतल्या मुलाला तोडणीची टोळी म्हणजे काय ते सांगावं लागतं, तुला नाही.

पण थांब, लगेच हुरळून जाऊ नकोस. ‘माझे वडील ऊस लावतात, म्हणून मला साखर कळते’ असं बोललास तर परत गप्प व्हायची पाळी येईल. चार एकर हा पुरावा नव्हे. शिवाय महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने सहकारी, त्यांचे शेअर बाजारात नाहीत. बाजारातली मोठी नावं बरीचशी उत्तर प्रदेशातली. तुझं शेत तुला उत्तर देणार नाही. ते देईल चांगला प्रश्न. कसा ते दाखवते, कागद घे.

२०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान ऊसदर, ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर. ३५५ भागिले १०.२५, किलोभर साखरेत ऊस ३४ रुपये ६३ पैशांचा. आता साखरेचा किमान विक्री दर आठव. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो २९ वरून ३१ झाला. त्या हंगामात एफआरपी होती २७५ रुपये, १० टक्क्यांना, म्हणजे किलोमागे ऊस साडेसत्तावीस रुपयांचा. तेव्हा तळाच्या भावाला विकली तरी किलोमागे साडेतीन रुपये उरत होते. आता नुसता ऊसच त्या ३१ च्या वर गेला, तोडून आणायचा, गाळायचा, पगाराचा, व्याजाचा खर्च पुढेच. ३१ हा तळ आहे, बाजारभाव नव्हे, हे पुढच्याच वाक्यात स्वतःहून सांग, नाहीतर समोरचा सांगेल.

पुढे गंमत आहे. वाळव्याकडे उतारा चांगला. समज, १२ टक्के. गावात कोणीही म्हणेल, उतारा जास्त म्हणजे कारखान्याची चंगळ. पण एफआरपी उताऱ्याबरोबर चढते, दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. १०.२५ वरून १२ वर गेलास तर साडेसतरा पायऱ्या, साधारण साडेसाठ रुपये. ३५५ चे झाले साडेचारशेच्या आत, नेमके ४१५ रुपये ५५ पैसे. भागिले १२. किती आलं? तेच ३४ रुपये ६३ पैसे. म्हणजे आपल्याकडे वाढलेल्या उताऱ्याचं लोणी शेतकऱ्याच्या दराच्या हिशेबात जातं (तोडणी-वाहतूक वजा होऊन त्याच्या हातात किती पडतं ते वडील सांगतील, आणि आवाज चढवून सांगतील). कारखान्याचा फायदा फक्त गाळपखर्च जास्त किलोंवर विभागला जातो तेवढा.

आता उत्तर प्रदेशात ये. तिथे राज्य सरकार एसएपी, म्हणजे स्वतःचा ऊसदर, ठरवतं, आणि ती उताऱ्याला बांधलेली नाही, उसाच्या जातीच्या गटाला आहे. २०२३-२४ मध्ये लवकर येणाऱ्या जातींना ३७० रुपये होती. उतारा ११ असेल तर किलोमागे ऊस ३३ रुपये ६४ पैशांचा, १० वर आला तर ३७ रुपयांचा. एका टक्क्यात किलोमागे तीन रुपयांहून जास्त फरक, आणि तो सगळा कारखान्याच्या माथी. म्हणजे तिकडच्या कारखान्याचा नफा कशावर हलतो? उताऱ्यावर. उतारा कशावर हलतो? जातीवर आणि रोगावर. तिकडे वर्षानुवर्षं को ०२३८ या एकाच जातीचं राज्य होतं, तिने उतारा वर नेला, आणि मग तिच्यावर रेड रॉट पडला, तो ऊस आतून लाल होऊन कुजण्याचा रोग. मग प्रश्न असा की कुठल्या कारखान्याने आपल्या क्षेत्रात बेणं आधी बदललं आणि कोण मागे राहिलं?

हा झाला ‘बाजाराला काय माहीत नाही’ याच्या जवळ जाणारा प्रश्न. याचं उत्तर शोधायला तुला कोणी ओळखीचं लागत नाही. निकालानंतर कॉन्फरन्स कॉल घेणाऱ्या लिस्टेड कंपन्यांना त्याचा मजकूर एक्स्चेंजवर टाकावा लागतो. चार कारखान्यांचे तीन-तीन वर्षांचे कॉल काढ आणि त्यात फक्त जातबदलाबद्दल कोण काय म्हणालं ते एका तक्त्यात मांड. एक शनिवार-रविवार जाईल. मात्र ध्यानात ठेव, मळी किंवा रस इथेनॉलकडे वळवला की कागदावरचा साखर उतारा पडलेला दिसतो. तो आधी पूर्ववत करून घे, मग कारखान्यांची तुलना कर. हे न करता तुलना केलीस आणि समोर जाणकार बसला असला तर मला पत्र लिहू नकोस.

मग ते तुला विचारतील, ‘तू चुकतोस कुठे?’ बहुतेक मुलं इथे ‘पावसाची जोखीम’ म्हणून मोकळी होतात. साखरेत खरी जोखीम दिल्लीहून येणाऱ्या कागदाची. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने आदेश काढला, २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचा नाही. साखरेचे शेअर आपटले. १५ डिसेंबरला थोडी सूट आली, १७ लाख टन साखरेइतकाच माल वळवा म्हणाले. पुढल्या वर्षासाठी बंदी उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. मी पार्टनरच्या खुर्चीत असते तर एवढंच विचारलं असतं, ‘त्या दिवशी हा शेअर तुझ्याकडे असता, तर दुसऱ्या दिवशी सव्वानऊला काय केलं असतंस?’

‘घाबरून विकला असता’ किंवा ‘लाँग टर्म आहे, धरून ठेवला असता’ या दोन्ही उत्तरांना शून्य गुण. मला ऐकायचं असतं की तू आदेश वाचलास का. रसावर बंदी होती, बी-हेवी मळीच्या (जिच्यात थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते ती मळी) आधीच्या ऑर्डरी चालू ठेवल्या होत्या. मग या कारखान्याचं किती इथेनॉल रसातून, किती मळीतून, किती धान्यातून? धान्यावर चालणारी डिस्टिलरी असेल तर फटका कमी. वळवायची साखर आता बाजारात येईल, तिचा भावावर काय परिणाम? ही बेरीज-वजाबाकी करून तू म्हणालास, ‘निम्मा विकून उरलेला ठेवला असता, कारण शेअर पडला तेवढा नफा पडत नव्हता’, तर तुझा आकडा चूक असला तरी मी पुढचा प्रश्न विचारीन. उलट आकडे बरोबर आणि विचार उधार असेल तर ते चौथ्या मिनिटाला कळतं.

आणखी एक फसगत. मागे राहिलेल्या कारखान्याचा शेअर शॉर्ट करायची कल्पना सुचेल, सुचायलाच हवी, हेज फंड आहे. १९४९ मध्ये आल्फ्रेड विन्स्लो जोन्स नावाच्या माणसाने पहिला हेज फंड काढला तो याच कल्पनेवर, चांगले घ्यायचे, वाईट उसने घेऊन विकायचे, म्हणजे बाजार पडला तरी कुंपण राहील. गृहस्थ मूळचा समाजशास्त्राचा अभ्यासक आणि पत्रकार होता, तेव्हा सीएला न्यूनगंडाचं कारण नाही. पण तोंड उघडण्याआधी बघ, तो शेअर एफ अँड ओच्या, म्हणजे वायदे-ऑप्शन्सच्या, यादीत आहे का? आपल्याकडे रात्रभर शॉर्ट राहायचं तर व्यवहारात वायदाच लागतो. शेअर उसने घ्यायची सोय २००८ पासून आहे, पण छोट्या शेअरात तिथे कोणी समोर नसतं. साखरेचे बहुतेक शेअर यादीबाहेर. म्हणजे तुझा सुंदर शॉर्ट करताच येत नाही. हे तू आधीच बोललास तर, ‘शॉर्ट करायला आवडलं असतं, पण साधन नाही, म्हणून लाँग, म्हणजे विकत घेतलेला भाग, छोटा ठेवतो’, तर तू फंडात बसून विचार करतोयस असं वाटेल.

केस स्टडीबद्दल फार सांगत नाही, सीएला वार्षिक अहवाल वाचायला मी काय शिकवणार. फक्त तीन तासांतले अडीच तास एक्सेलमध्ये घालवू नकोस. रोख प्रवाह, रिलेटेड पार्टी (प्रवर्तकांच्या जवळच्यांशी झालेले व्यवहार) आणि ऑडिटरची टीप आधी वाच, बारा शीटचं मॉडेल नको, आणि शेवटचा पाऊण तास एक पान लिहायला ठेव. घ्या, विका किंवा सोडा, ते पहिल्या ओळीत. ‘सोडा’ हेही उत्तर असतं. कितीदा तेच बरोबर असतं.

इंग्रजीचं फार मनावर घेतलंयस. मुंबईतल्या फंडांत दुपारी जे बोललं जातं त्यात गुजराती, हिंदी आणि शिव्या यांचं प्रमाण बघितलंस तर तुझी भीती जाईल. अडखळणं चालतं. लांबण लावणं चालत नाही. आकडा आधी, कारण मग. साखरेचं पिच मोबाइलवर मराठीत रेकॉर्ड कर, दोन मिनिटांत बसव. मराठीत दोन मिनिटांत बसलं नाही तर दोष इंग्रजीचा नाही. मग तेच इंग्रजीत म्हण, छोट्या वाक्यांत.

एक गोष्ट कडक शब्दांत. तुझ्या सध्याच्या ऑफिसचं मॉडेल, प्रकाशित न झालेलं टार्गेट, सीनियरचं मत, यातलं काहीही नमुना म्हणून दाखवायचं नाही. काही ठिकाणी मुद्दाम मागून बघतात. ‘ते माझं नाही, मी स्वतःचं वेगळं केलंय’ म्हण. ‘स्वतः काय घेतलंयस?’ असं विचारलं तर जे आहे ते सांग. कव्हरेजमधल्या शेअरात रिपोर्टच्या आधी तीस आणि नंतर पाच दिवस सौदा करता येत नाही हा सेबीचा नियम तुला पाठ असेलच. आणि फोनवर कोणी सहज काही सांगितलं, एखाद्या लिस्टेड कारखान्याचा न जाहीर झालेला निकाल वगैरे, तर तिथेच थांबवून तुझ्या कंप्लायन्सला कळव. रजत गुप्ता गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळावर होते. २३ सप्टेंबर २००८ ला वॉरन बफे यांची कंपनी गोल्डमनमध्ये ५ अब्ज डॉलर घालणार हे मंडळाच्या फोनवर ठरलं, आणि मिनिटभरात गुप्तांचा फोन गेला गॅलियन या हेज फंडाच्या राज राजरत्नम यांना. राजरत्नम यांना २०११ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली, गुप्तांना त्याच्या पुढच्या वर्षी दोन वर्षांची. तोही एक ओळखीचा फोनच होता.

तीन आठवड्यांचं वेळापत्रक मी आखून देणार नाही, तू आखशील. फक्त क्रम सांगते. पहिल्या शनिवार-रविवारी कॉलचा तक्ता. तो झाला की त्या सहा मिनिटांच्या गृहस्थांना परत लिही. हो, त्यांनाच. ‘मागच्या वेळी मी तयारी न करता फोन केला होता. मी एरवी बँका बघतो, पण उत्तर प्रदेशातल्या चार कारखान्यांचा जातबदल मांडलाय, त्यातली एक गोष्ट मला उलगडत नाही’, एवढं आणि तो प्रश्न. नाही आलं उत्तर तर नाही. मला वाटतं येईल.

त्याआधी घरी फोन कर. यंदा टोळी कधी आली, खोडव्याचं एकरी किती टन भरलं, कारखान्याच्या काट्यावर आणि बाहेरच्या काट्यावर वजनात फरक पडला का, विचार. वडील आधी म्हणतील, ‘तुला कशाला रे हे?’ सांग त्यांना कशाला ते.